आवाजातून चेहरा ओळखताना : 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे नभोनाट्य प्रथमच ऐकणाऱ्यांसाठी

मुंबई आकाशवाणीवर 'पुन्हा प्रपंच' ऐकत ज्यांचे बालपण गेले, त्यांना नभोनाट्य कसे ऐकावे हे कोणी शिकवावे लागले नाही. टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत ही माणसे बहुतेक श्रोत्यांनी कधी पाहिली नव्हती, पण पहिला शब्द कानी पडताच कोण बोलत आहे ते घरातल्या लहान मुलालाही कळत असे. ही सवय पुढच्या पिढ्यांना उरली नाही. त्यामुळे एखादी गाजलेली अद्भुत कादंबरी नभोनाट्याच्या रूपात ऐकायला बसलेला आजचा वाचक पहिल्या वीस मिनिटांत गोंधळतो आणि 'आपल्याला इंग्रजी पुरेसे येत नाही' असा निष्कर्ष काढून बंद करून टाकतो. अडचण बहुतेक वेळा इंग्रजीची नसतेच. इतके आवाज एकाच वेळी ओळखण्याचा कानाला सराव नसतो, आणि तो सराव थोड्या शिस्तीने आठ-दहा दिवसांत होतो. तो कसा करावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

उदाहरणासाठी मी बीबीसी रेडिओ ४ ने १९८१ साली प्रसारित केलेले 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे रूपांतर घेतले आहे. (कथा थोडक्यात अशी : शायर या प्रदेशात राहणाऱ्या हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांपैकी बिल्बोची जादूची अंगठी त्याचा वारस फ्रोडो याच्याकडे येते, आणि ती शत्रूच्या हाती पडू नये म्हणून फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम ती नष्ट करायला शत्रूच्या मॉर्डॉर प्रदेशाकडे निघतात. गॅन्डाल्फ हा मांत्रिक त्यांचा मार्गदर्शक.) या प्रकारातली अनेक नाट्ये मी ऐकली आहेत. नवख्या माणसाच्या हाती पहिल्यांदा द्यावे असे यापेक्षा चांगले काही मला सापडलेले नाही.

जे. आर. आर. टोल्किन यांची ही कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली आणि लगेच, १९५५-५६ मध्येच, बीबीसीच्या 'थर्ड प्रोग्रॅम' या रेडिओ वाहिनीवर टेरेन्स टिलर यांनी तिचे बारा भागांचे रूपांतर सादर केले. टोल्किन यांना ते रुचले नाही. हे पुस्तक नाट्यरूपाला मुळातच सोसणारे नाही, असे त्यांचे मत होते. (त्याच सुमारास पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे 'गीतरामायण' सुरू होते, आणि एक मोठी कथा आठवडाभर मनात घोळवत पुढच्या भागाची वाट पाहणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातली घरे अनुभवत होती.) पंचवीस वर्षांनंतर ब्रायन सिब्ली आणि मायकेल बेकवेल या दोघांनी हे काम नव्याने हाती घेतले. जेन मॉर्गन आणि पेनी लेस्टर यांनी दिग्दर्शन केले, स्टीफन ऑलिव्हर यांनी संगीत दिले आणि ८ मार्च १९८१ पासून दर रविवारी दुपारी अर्ध्या तासाचा एक असे सव्वीस भाग प्रसारित झाले. एकूण लांबी तेरा तास.

योग्य ध्वनिमुद्रण मिळवणे

सुरुवातीलाच होणारी चूक म्हणजे नभोनाट्याऐवजी श्राव्यपुस्तक घेणे. श्राव्यपुस्तकात एकच वाचक संपूर्ण मजकूर वाचतो. नभोनाट्यात प्रत्येक पात्राला स्वतंत्र कलावंत असतो, निवेदक असतो, पावलांचे, घोड्यांचे, पावसाचे आवाज असतात. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, परंतु वेगळ्या आहेत. मुखपृष्ठावरून फरक कळला नाही तर लांबी पाहावी. या कादंबरीच्या तिन्ही खंडांचे संपूर्ण वाचन पन्नास तासांच्या पुढे जाते. आपल्यासमोर तेरा तासांच्या आसपासची वस्तू असेल तर ते बहुधा नाट्यरूपांतर आहे.

दुसरी खूण कलावंतांच्या नावांची. अमेरिकेत १९७९ साली याच कादंबरीचे आणखी एक नाट्यरूपांतर झाले होते; ते बर्नार्ड मेझ यांनी लिहिले आणि त्यात गॅन्डाल्फची भूमिकाही त्यांनीच केली. आपल्याला हवे असलेले ध्वनिमुद्रण तेच का, याची खात्री करण्यासाठी फ्रोडोच्या भूमिकेत इयन होम, गॅन्डाल्फच्या भूमिकेत मायकेल हॉर्डर्न आणि निवेदक म्हणून जेरार्ड मर्फी ही तीन नावे शोधावीत. ती असतील तर निःशंकपणे घ्यावे. सीडीच्या संचात किंवा श्राव्यपुस्तके विकणाऱ्या सेवांवर हे रीतसर विकत मिळते. कुणीतरी कुठेतरी चढवलेल्या प्रतींमध्ये भाग गाळलेले असतात, क्रम उलटसुलट असतो आणि आवाज दबलेला असतो. एरवी हे चालवून घेता येईलही, पण जिथे आवाज हीच सगळी सामग्री आहे तिथे फुकट मिळालेली वाईट प्रत श्रोत्याचे नुकसानच करते.

एक तपशील आधीच जाणून घेतलेला बरा. मूळचे सव्वीस भाग पुढे तासाभराच्या तेरा भागांत जोडले गेले, तेव्हा आधी वेळेअभावी गाळलेले काही संवाद परत घातले गेले आणि काही प्रसंगांची जागा बदलली. २००२ मध्ये कादंबरीच्या तीन खंडांप्रमाणे तीन संच निघाले. त्यांत प्रत्येक खंडाच्या आरंभी आणि शेवटी फ्रोडोचे निवेदन नव्याने घातलेले आहे आणि तेही इयन होम यांच्याच आवाजात. त्यामुळे आपल्या प्रतीत भागांची मांडणी कशी आहे ते आधी पाहावे. या लेखात मी जे भागांचे क्रमांक देत आहे ते मूळच्या सव्वीस भागांचे आहेत.

पहिले दोन दिवस : फक्त पाच आवाज

नभोनाट्यात आवाज हाच पात्राचा चेहरा असतो. लग्नघरात गेल्यावर आपण सगळ्या पाहुण्यांची नावे एकदम पाठ करू लागत नाही. दोन-चार चेहरे ओळखीचे होतात, मग त्यांच्या आधाराने बाकीचे लक्षात राहतात. इथेही तसेच करावे. पहिल्या दोन भागांत कथा किती कळली याचा हिशेब ठेवू नये. पाच आवाज पक्के झाले की पुरे.

पहिला निवेदकाचा. जेरार्ड मर्फी यांचा आवाज तरुण आणि स्वच्छ आहे, त्यांच्या वाक्यांना पुस्तकी लय आहे. तो आवाज आला की कुठे आहोत, किती काळ गेला, कोण कुठे निघाले आहे, हे कळणार, म्हणून कान टवकारावेत. दुसरा बिल्बोचा. जॉन ल मेझुरिए यांनी त्याला मऊ, थकलेला, काहीसा हरवलेला सूर दिला आहे. वाढदिवसाच्या मेजवानीतही त्या आवाजात निरोपाची छटा आहे. तिसरा गॅन्डाल्फचा. हॉर्डर्न यांचा गॅन्डाल्फ हा पांढऱ्या दाढीचा शांत ऋषी नाही. तो मधूनच खेकसतो, खाकरतो, आणि मग एकाएकी इतका गंभीर होतो की ऐकणाराही सावरून बसतो. चौथा फ्रोडोचा, संयत आणि सुशिक्षित. पाचवा सॅमचा. सॅम हा माळ्याचा मुलगा. बिल नाय यांनी त्याला इंग्लंडच्या ग्रामीण भागातल्या माणसाची हेल काढून बोलण्याची ढब दिली आहे. फ्रोडो आणि सॅम हे दोघे पुढे कित्येक तास एकमेकांशीच बोलणार असल्यामुळे त्यांच्या उच्चारांतला हा फरक आपल्या फार उपयोगी पडतो. आपल्याकडे एखाद्या श्रुतिकेत पुण्याचे वकील आणि त्यांच्या शेतावरचा गडी यांचे बोलणे जसे पहिल्याच वाक्यात वेगळे कळते, तसे ते कळते. सॅमचे काही शब्द सुटले तरी हरकत नाही. सूर ओळखू आला की काम झाले.

नावांचा कागद

एक कोरा कागद घेऊन त्यावर पात्रांची नावे देवनागरीतच, जशी ऐकू येतात तशी लिहावीत. हा उपाय शाळकरी वाटेल, पण मी आजवर ज्या ज्या मित्रमंडळींना हे नाट्य ऐकवले त्यांतल्या शेवटपर्यंत टिकलेल्या बहुतेक सगळ्यांनी असा कागद केला होता. छापील यादी चालत नाही. स्वतः ऐकून लिहिलेले नावच कानात बसते.

टोल्किन यांनी नावे भाषाशास्त्रज्ञाच्या काटेकोरपणे घडवली आहेत, आणि त्यामुळेच एका कुळातली किंवा एका प्रदेशातली नावे एकमेकांसारखी आहेत. पुस्तकात डोळा ती वेगळी करतो, पण कानाला तेवढा अवधी मिळत नाही. सर्वांत फसवी जोडी सॉरॉन आणि सारुमान यांची. सॉरॉन हा मूळ शत्रू, ज्याने अंगठी घडवली. सारुमान हा वाट चुकलेला मांत्रिक. या दोन नावांचा गोंधळ होऊ नये म्हणून या कादंबरीवरच्या १९७८ च्या ॲनिमेशन चित्रपटात सारुमानला काही ठिकाणी 'अरुमान' म्हटले गेले होते, यावरून अडचण किती खरी आहे ते ध्यानात येईल. कागदावर ही दोन नावे दूरदूर, वेगळ्या रंगांत लिहावीत. बोरोमिर आणि फारामिर हे सख्खे भाऊ आहेत. इओमर आणि इओविन हे भाऊ-बहीण, आणि राजा थिओडेन हा त्यांचा मामा. ('अंकल' या शब्दातून मामा की काका हे इंग्रजीत कळत नाही, आपल्याला मामा म्हणून लक्षात ठेवणे सोपे जाते.)

काही पात्रांना एकाहून अधिक नावे आहेत आणि नवा श्रोता इथे हमखास अडखळतो. चौथ्या भागात ब्री नावाच्या गावच्या खाणावळीत कोपऱ्यात बसलेला स्ट्रायडर भेटतो. तोच पुढे अ‍ॅरागॉर्न म्हणून ओळखला जातो. रॉबर्ट स्टीफन्स यांचा तो भारदस्त, रंगभूमीवर तयार झालेला आवाज दोन्ही नावांखाली एकच असतो, म्हणून कागदावर दोन्ही नावे एका ओळीत लिहावीत. गॅन्डाल्फला काही जण मिथ्रॅन्डिर म्हणतात. अंगठीच्या मागे लागलेल्या गॉलमचे जुने नाव स्मिअगॉल.

ऐकण्याची जागा आणि वेळ

हे ध्वनिमुद्रण स्टीरिओ आहे. एखादे पात्र डावीकडून येते, दुसरे उजवीकडे उभे असते, घोडेस्वार एका बाजूकडून दुसरीकडे जातो. फोनच्या छोट्या स्पीकरवर हे सगळे एका ठिपक्यात गोळा होते आणि गर्दीच्या प्रसंगात आवाज एकमेकांत मिसळतात. साधे हेडफोन लावले तरी कोण कुठे आहे ते कळते, आणि ते कळले की कोण कोण आहे हेही लवकर कळते. लोकलच्या गर्दीत मात्र हेडफोन लावूनही ऐकू नये, निदान पहिल्या वेळी तरी नाही. या नाट्यात शांततेला फार महत्त्व आहे. खाणीतला अंधार, दलदल, जाळे विणणाऱ्या राक्षसी कोळिणीचे भुयार हे प्रसंग बारीक आवाजांवर उभे आहेत, आणि गाडीचा खडखडाट नेमके तेच गिळून टाकतो.

घरी रात्री ऐकायचे असेल तर आवाजाची पातळी निवेदकाच्या बोलण्यावर ठरवावी आणि मग ती हलवू नये. कुजबुज ऐकू यावी म्हणून आवाज वाढवला की पुढच्याच क्षणी शत्रूच्या काळ्या स्वारांची किंकाळी येते आणि शेजारचे जागे होतात. दिवा मंद असावा. हाताला भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे असे काम असेल तर उत्तमच. ज्या कामात शब्द वाचावे लागतात असे कोणतेही काम मात्र सोबत करू नये. फोनवरचे संदेश वाचता वाचता नभोनाट्य ऐकता येत नाही, कारण दोन्हींना मनातली तीच जागा लागते.

एका बैठकीत अर्धा तास, हा माझा आग्रह आहे. प्रत्येक भाग पुढच्या आठवड्यापर्यंत मनात राहील अशा बेताने लिहिलेला आहे आणि शेवटच्या वाक्यानंतर संगीत वाजते ते ऐकलेले आत मुरावे म्हणून. सलग चार तास ऐकणारा श्रोता कथा पुढे नेतो, पण आवाजांचे चेहरे त्याच्या हाती लागत नाहीत. आठवडाभर थांबण्याची गरज नाही. रोज एक भाग ऐकला तरी महिन्याच्या आत नाट्य पुरे होते. ज्यांच्या प्रतीत भाग जोडलेले आहेत त्यांनी प्रसंग बदलताना, म्हणजे निवेदक पुन्हा बोलू लागतो तिथे थांबावे. ऐकण्याचा वेग कधीही वाढवू नये. शब्द समजले तरी विराम मरतात, आणि या कलावंतांनी निम्मा अभिनय विरामांत केला आहे.

न कळलेल्या वाक्याचे काय करावे

पुढे जाऊ द्यावे. हा नियम पाळणे अवघड आहे, कारण बोट आपोआप मागे नेण्याच्या खुणेकडे जाते. परंतु दर दोन मिनिटांनी मागे गेल्याने प्रसंगाचा ताण तुटतो आणि श्रोता शब्दांच्या मागे लागून माणसाला मुकतो. भाग पूर्ण होऊ द्यावा; मग हवे असल्यास तोच भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकावा. दुसऱ्या वेळी जे आदल्या दिवशी सुटले होते त्यातले बरेचसे आपोआप कळते, आणि हे कसे झाले याचे आपल्यालाच नवल वाटते.

हे मी माझ्या आईकडून शिकलो. तिला इंग्रजी येत नाही. एका दुपारी ती ताटात तांदूळ घेऊन निवडत बसली होती आणि मी शेजारी स्पीकरवर गॉलमचा प्रसंग ऐकत होतो. पीटर वुडथॉर्प यांनी गॉलमला दिलेला आवाज घशातून घोट गिळल्यासारखा निघतो. त्यात हिसका आहे, लाचारी आहे, आणि मध्येच लहान मुलासारखे हुंदके आहेत. गॉलम त्या प्रसंगात स्वतःशीच वाद घालत असतो. त्याच्यातला एक जण फ्रोडोला दिलेले वचन पाळू म्हणतो, दुसरा अंगठी परत मिळवू म्हणतो. आई थोडा वेळ हात थांबवून ऐकत राहिली आणि तिने विचारले, "हा रडतोय की फसवतोय?" कादंबरीत फ्रोडो आणि सॅम यांच्यात शेकडो पानांपर्यंत ज्यावरून मतभेद चालतो तो प्रश्न नेमका हाच आहे. एकही शब्द न समजता ती त्याच्या मुळाशी पोचली होती. त्यानंतर मी शब्दकोश उघडून ऐकणे सोडले.

ज्यांना तरीही आधार हवा त्यांनी मुग्धा कर्णिक यांनी केलेला 'स्वामी मुद्रिकांचा' हा कादंबरीचा मराठी अनुवाद जवळ ठेवावा. तो नाट्यासोबत ओळीने ओळ वाचण्यासाठी नाही, ते जमणारही नाही, कारण रूपांतरात क्रम बदललेला आहे. भाग ऐकून झाल्यावर त्या प्रसंगाची पाने चाळावीत. नकाशा मात्र पहिल्या दिवसापासून समोर असावा. शायर वायव्येला, मॉर्डॉर आग्नेयेला, आणि प्रवास साधारणपणे पूर्वेकडे व दक्षिणेकडे, एवढे मनात पक्के असले की निवेदकाने घेतलेले प्रत्येक नदीचे आणि डोंगराचे नाव आपल्या जागी जाऊन बसते.

कठीण जागा

सहावा भाग हा सर्वांत अवघड. एल्रॉन्डच्या घरी सभा भरते, निरनिराळ्या प्रदेशांतले लोक आपापली हकिकत सांगतात आणि एका खोलीत एकदम अनेक नवे आवाज येतात. अर्धवट सोडणारे बहुतेक श्रोते इथेच सोडतात. या भागाआधी कागदावर चारच नावे नव्याने लिहून घ्यावीत : यजमान एल्रॉन्ड, दक्षिणेकडचा योद्धा बोरोमिर, एल्फ लेगोलास आणि ड्वॉर्फ गिम्ली. पुढच्या प्रवासात लागणारे नवे सोबती यातलेच आहेत. बाकीचे बोलतात ते माहिती म्हणून ऐकावे. मेरी आणि पिपिन हे दोन तरुण हॉबिट बराच काळ एकसारखे ऐकू येतात. त्याबद्दल चिंता करू नये. अकराव्या भागापासून त्यांची साथ इतरांपासून सुटते आणि पुढे दोघे दोन वाटांना लागतात, तेव्हा फरक आपोआप कळतो.

दहाव्या भागात फ्रोडोसोबत निघालेली मंडळी फुटते. यानंतर कादंबरीत टोल्किन आधी एका गटाची सगळी कथा सांगतात आणि मग मागे येऊन फ्रोडो-सॅमची. सिब्ली आणि बेकवेल यांनी मात्र दोन्ही धागे काळाच्या क्रमाने विणून घेतले आहेत. ज्याने पुस्तक वाचलेले आहे तो इथे थोडा चाचपडतो आणि न वाचलेला सहज पुढे जातो. नवख्या श्रोत्याच्या बाजूने असलेली ही एक दुर्मीळ सोय आहे. जागा बदलल्याची खूण निवेदक आणि संगीत यांच्यातून मिळते.

या कादंबरीवरचे २००१ पासूनचे चित्रपट पाहून आलेल्यांना काही गोष्टी अनपेक्षित वाटतील. शेवटच्या भागांत हॉबिट घरी परततात तेव्हा त्यांचे गाव उद्ध्वस्त झालेले असते आणि त्यांना ते स्वतः सोडवावे लागते. हा प्रसंग चित्रपटांत वगळला होता, नाट्यात तो आहे. पेलेनॉरच्या रणभूमीवरच्या लढाईचा काही भाग गायलेल्या पद्यातून सांगितलेला आहे. पोवाडा ऐकलेल्या कानाला हे परके वाटू नये. रणवर्णन गाऊन करण्याची रीत आपल्याला ठाऊक आहे, आणि शेकडो तलवारींचा खणखणाट स्टुडिओत उभा करण्यापेक्षा तो मार्ग मला कितीतरी अधिक प्रभावी वाटतो. इयन होम यांचा आवाज ओळखीचा वाटला तर त्याचे कारण असे, की वीस वर्षांनी आलेल्या चित्रपटांत ते म्हाताऱ्या बिल्बोच्या भूमिकेत होते.

पंधरावा भाग

हा भाग मी प्रत्येक नव्या श्रोत्याला हेडफोन लावून, दिवा मालवून, एकट्याने ऐकायला सांगतो. 'सारुमानचा आवाज' हे त्याचे नाव आणि तोच विषय. सारुमान युद्ध हरला आहे. त्याचा किल्ला पाण्यात बुडाला आहे. मनोऱ्याच्या पायथ्याशी गॅन्डाल्फ, राजा थिओडेन आणि त्याचे स्वार उभे आहेत आणि वर सज्जात सारुमान येतो. त्याच्याकडे आता एकच शस्त्र उरले आहे, ते म्हणजे त्याचे बोलणे. कादंबरीत टोल्किन आपल्याला सांगतात की हा आवाज ऐकणाऱ्याला त्याचे शब्द नंतर आठवत नसत, फक्त ऐकताना वाटलेला आनंद आठवे, आणि इतर कोणी बोलले की ते कर्कश वाटे. वाचक यावर विश्वास ठेवतो, कारण लेखक सांगत आहे. नभोनाट्यात विश्वासाचा प्रश्नच येत नाही, कारण तो आवाज प्रत्यक्ष आपल्याच कानाशी येतो.

पीटर हॉवेल यांनी हे फार हळुवारपणे केले आहे. आवाज चढत नाही. एखादा वडीलधारा माणूस झाले-गेले विसरून जा म्हणत खांद्यावर हात ठेवतो, तसे ते बोलणे आहे. थिओडेन गप्प राहतो आणि ती शांतता वाढत जाते. इथे श्रोत्याने स्वतःकडे लक्ष द्यावे. राजाने होकार द्यावा असे आपल्याला क्षणभर वाटते का? मला पहिल्यांदा वाटले होते. मग थिओडेन बोलतो, आणि त्या गोड बोलण्यानंतर त्याचा म्हातारा, खरखरीत आवाज कानाला टोचतो. पण खरे तोच बोलत असतो. हा अनुभव पुस्तक देऊ शकत नाही, कारण पानावर दोघांचेही शब्द सारख्याच अक्षरांत छापलेले असतात.

हा भाग ऐकून झाल्यावर त्या दिवशी दुसरे काही ऐकू नये.

सव्वीस भागांनंतर

शेवटचा भाग संपल्यावर एक आठवडा जाऊ द्यावा आणि पहिला भाग पुन्हा ऐकावा. बिल्बोच्या त्या थकलेल्या आवाजात काय दडले होते, ते आता कळते.

त्यानंतर याच वाटेवरची आणखी नाट्ये आहेत. बीबीसीनेच १९६८ मध्ये 'द हॉबिट'चे आठ भाग सादर केले होते. त्यात बिल्बो निवेदकाला मध्येच अडवून आपली बाजू मांडतो आणि ते ऐकायला गोड वाटते, पण माणसाखेरीजच्या काही पात्रांचे आवाज यंत्राने बदललेले असल्यामुळे नवख्याने सुरुवात तिथून करू नये, कथेच्या क्रमाने ते आधीचे असले तरीही. सिब्ली यांनी पुढे नार्नियाच्या कथा आणि 'गॉरमेनगास्ट' यांचीही रेडिओ रूपांतरे केली. 'गॉरमेनगास्ट' मोठ्यांसाठी आहे. नार्नियाच्या कथा मुलांसोबत ऐकण्यासारख्या आहेत. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन बसायचे असेल तर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ऐवजी तिथून आरंभ करावा, आणि भाग संपल्यावर काय कळले असे न विचारता कोणाचा आवाज आवडला असे विचारावे.

१९८१ च्या रूपांतरातून टॉम बॉम्बाडिल हे पात्र पूर्णपणे गाळले गेले होते, याची खंत पुस्तकाच्या चाहत्यांना आहे. सिब्ली यांनी १९९२ मध्ये 'टेल्स फ्रॉम द पेरिलस रेल्म' या मालिकेत तो प्रसंग स्वतंत्र नाट्य म्हणून भरून काढला. त्यातले कलावंत निराळे आहेत, त्यामुळे पहिल्या वेळी ते मध्ये घालू नये. दुसऱ्यांदा ऐकताना, आवाज पक्के झालेले असताना, तिसरा भाग संपवून चौथ्यात ब्रीच्या खाणावळीत पोचण्याआधी ते ऐकावे. कादंबरीत त्याची जागा तीच आहे.